डाबरेसाहेबांचा पांढरा

ठोकलेली गाडी बघायला गेले की डाबरेसाहेब आधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारत. हात पाठीमागे बांधलेले, तोंडातून शब्द नाही. गाडीचा मालक बाजूला उभा राहून चूक कुणाची होती ते तावातावाने सांगत असे, पण साहेबांचं तिकडे लक्ष नसे. फेरी पुरी झाली की ते बॉनेटवर तळहात टेकवत. पत्रा तापलेला असला तर आधी रुमाल आणि त्यावर हात. गाडी वाचण्यातली नसली की तो हात तिथे जरा जास्त वेळ राहायचा. मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "लिहा, सावंतबाई. टोटल लॉस. देव तिला शांती देवो."

दोहातल्या एका विमा कंपनीच्या क्लेम्स विभागात मी कामाला होते आणि लॉरेन्स डाबरे आमचे सर्व्हेअर होते. अपघात झालेली गाडी दुरुस्त करायची की भंगारात घालायची, हे ठरवणं त्यांचं काम. त्यांचे रिपोर्ट मी टाइप करायची, आणि गाड्या एकदम बऱ्याच आल्या की सोबत लिहून घ्यायलाही जायची. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. माणूस वसईतल्या नंदाखालचा. उंच, किंचित पोक काढून चालणारा, पन्नाशी ओलांडलेला, अंगावर कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. घरी बायकोशी ते त्यांच्या गावच्या बोलीत बोलत, ती मला निम्मीशिम्मी कळायची. माझ्याशी मात्र अगदी प्रवचनातलं मराठी. "सावंतबाई, माझी आपणांस नम्र विनंती आहे, माझ्या चहात साखर घालू नये," हे ते गंभीर चेहऱ्याने सांगत आणि पाठोपाठ ड्रॉवरमधून बिस्किटाचा पुडा काढत.

त्यांची बायको एमिलिया सरकारी हॉस्पिटलात नर्स होती. ठेंगणी, भरभर चालणारी, बोलण्यात एक शब्द जास्त नाही. दोहातल्या अल मुंतझा भागात आमच्या इमारती समोरासमोर होत्या, त्यामुळे नारळाची वाटी आणि कढीपत्ता यांची ये-जा चालू असे. मुलगी बंगलोरला शिकायला होती. सुट्टीत आली की बाप मराठीत विचारी आणि ती इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

तर या गाड्यांचे मृत्युलेख लिहिणाऱ्या माणसाने एक दिवस मेलेली गाडी विकत घेतली.

दोहाबाहेरच्या इंडस्ट्रियल एरियाला आम्ही सगळे सनाया म्हणायचो. तिथे भंगारवाल्याच्या अंगणात साहेब एका ट्रकची पाहणी करत होते. फेरी मारता मारता थांबले. ट्रकच्या मागे, वाळूत चाकांच्या जागेपर्यंत रुतलेली, दोन सीटची, टप नसलेली एक जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार होती. लांब नाक, मागे गोलसर उतरणारी पाठ. रंग म्हणजे गंज आणि मधून मधून लाल रंगाचे कपचे. साहेब ट्रक विसरून तिकडे गेले, वाकून डाव्या बाजूचं चेपलेलं मडगार्ड बघितलं आणि सरळ उभे राहिले.

"ही माझी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"दोहात आल्यावर माझी पहिली केस. एका शेखांच्या पुतण्याने दिव्याच्या खांबावर घातली होती. मी टोटल लॉस लिहिलं." ते परत वाकून गाडीखाली बघू लागले. मग म्हणाले, "घाईत लिहिलं. चॅसिस सरळ आहे हो तिची."

पुढच्या गुरुवारी ती गाडी सनायातच बशीरभाईंच्या शेडमध्ये आली. बशीरभाई सियालकोटचे, डेंटिंग-पेंटिंगची शेड होती त्यांची, आणि आमच्या कंपनीची बरीच कामं तिथे जायची. इंजिनाचं काम शेजारच्या गॅरेजात झालं, सुटे भाग इंग्लंडहून पार्सलने आले. त्यातलं मला काही कळलं नाही, म्हणून ते सांगत नाही. पण पत्रा ठोकून सरळ झाला, गंज खरवडून निघाला, राखाडी प्रायमर चढला, आणि मग प्रश्न उभा राहिला रंगाचा. त्या प्रश्नाने आम्हा सगळ्यांचं एक अख्खं वर्ष खाल्लं.

ऑफिसात एकमत होतं: लाल. स्पोर्ट्स कार म्हणजे लाल, त्यात विचारायचं काय. साहेब मान हलवायचे. "लाल इथल्या उन्हात दोन उन्हाळे टिकतो, तिसऱ्याला गुलाबी होतो. मी रोज बघतो. लग्नातल्या मांडवासारखी दिसते गाडी." कुणी काळा म्हणालं की म्हणत, "काळ्यावर बोटाचा ठसासुद्धा साक्ष देतो." हिरवा इंग्लंडात शोभतो, तिथे आजूबाजूला हिरवं असतं. सोनेरी लग्नाच्या बँडवाल्यांना. असं करत करत ते पांढऱ्यावर आले.

एमिलियाला ते मुळीच पटलं नाही. "या देशात सगळ्या गाड्या पांढऱ्या. टॅक्सी सोडून. त्यात तुझी आणखी एक?"

"साधा पांढरा नव्हे," साहेब म्हणाले. "चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनला मुली घालतात त्या झग्यासारखा. ज्यात दुसरं काहीच नाही असा."

आतल्या सीटचंही तसंच. त्यांना काळं लेदर हवं होतं, कारण जुन्या कॅटलॉगात पांढऱ्या गाडीला काळ्या सीट होत्या. एमिलिया म्हणाली, "वर टप नाही, खाली काळं चामडं, आणि आपण कतारमध्ये. ऑगस्टात एकदा बसून दाखव, मग मी तुला मलम लावते." तिच्या मनात वेगळा रंग होता. कातडीवाल्याकडून तिने एक तुकडा आणला होता, तो पर्समध्ये ठेवून फिरायची. पिकलेला चिकू कापल्यावर आत जो गर दिसतो, नेमका तो रंग. मला तो बघताक्षणी आवडला. साहेबांनी तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि परत दिला. "मातकट आहे," म्हणाले.

बशीरभाईंनी पांढरा बनवायला घेतला. पत्र्याच्या वहीएवढ्या तुकड्यावर रंग मारायचा, वाळवायचा, आणि गुरुवारी दुपारी ऑफिस अर्ध्यावर सुटलं की आम्ही बघायला जायचं. साहेबांचा नियम होता. नमुना आधी उन्हात, मग सावलीत, मग ऊन उतरताना बघायचा. "सकाळी आवडलेला रंग संध्याकाळी नकोसा होतो. माणसासारखंच," ते म्हणत. म्हणून आम्ही तिथे चहा पीत तासन्‌तास बसायचो. सनायात बाईमाणूस दिसणं म्हणजे नवलच. येणारे-जाणारे कामगार वळून बघत. एमिलिया ड्यूटीवरून थेट युनिफॉर्ममध्येच यायची आणि कुणाला वाटायचं, इथे कुणाला काही लागलंबिगलं आहे की काय.

पहिला नमुना साहेबांनी बघितला. "पिवळा आहे."

बशीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मला तो दुधासारखा पांढरा दिसत होता. पण गिऱ्हाईक म्हणेल ते खरं, म्हणून त्यांनी पुढच्या वेळी पांढऱ्यात निळ्याचा एक थेंब घातला. आपण कपड्यांना नीळ देतो तसं. साहेब म्हणाले, "अजून पिवळा. सायीसारखा." आणखी नीळ. "आता जरा बरा, पण पिवळट झाक आहेच." असं उन्हाळाभर चाललं. उष्म्यात साहेबांचा शर्ट पाठीला चिकटायचा, बशीरभाई डोक्याला ओला पंचा बांधायचे, आणि प्रत्येक नमुना आधीच्यापेक्षा निळा व्हायचा. एमिलिया हॉस्पिटलच्या बदलत्या शिफ्टमुळे दोन-तीन महिने आलीच नव्हती, आणि बशीरभाई आणि मी दोघंही गप्प होतो. त्यांना वाटत होतं साहेब सुशिक्षित माणूस, त्यांच्या मनात काहीतरी असेल. मला वाटत होतं रंगाच्या धंद्यात असंच म्हणत असतील.

मग नोव्हेंबरात हवा सुखाची झाली तेव्हाचा एक गुरुवार. एमिलिया बरोबर होती. बशीरभाईंनी नवा तुकडा उन्हात भिंतीला टेकवून ठेवला. साहेबांनी बघितला. पुढे झाले, मागे आले, मान तिरकी केली. आणि त्यांचा चेहरा उजळला.

"झाला," ते म्हणाले. "बशीरभाई, मुबारक हो. यही है. एकदम शुद्ध सफेद."

भिंतीला टेकवलेला तो तुकडा निळा होता. फिकट, पण स्वच्छ निळा. त्याच्यामागची चुन्याची भिंत पांढरी होती आणि हा निळा, हे कुणाही डोळसाला रस्त्यापलीकडून दिसलं असतं.

एमिलिया तुकड्याकडे बघत होती. मग ती नवऱ्याकडे बघू लागली. तिने अंगातलं हॉस्पिटलचं स्वेटर काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

"लॉरी, याचा रंग कोणता?"

"हे काय विचारणं झालं? काळा."

"तुला हे स्वेटर किती वर्षं माहीत आहे?"

"काळंच आहे ना."

"गडद निळं आहे," ती म्हणाली. "सगळ्या नर्सेसचं निळंच असतं." तिने खिशातला छोटा टॉर्च काढला, टाचा उंचावून त्यांची हनुवटी धरली आणि तिथेच, शेडच्या दारात, आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्यात उजेड पाडून बघितलं. साहेब हात बांधून उभे राहिले, शाळेतल्या मुलासारखे. टॉर्च विझवून तिने हात पुढे केला.

"गाडीची किल्ली दे. मी चालवते."

साहेब कधी कुणाला गाडी चालवू देत नसत. रोज अपघात बघणारा माणूस. दुसरा चालवत असला की त्यांचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जायचा. त्या दिवशी त्यांनी मुकाट्याने आपल्या रोजच्या गाडीची किल्ली दिली आणि बाजूला बसले. मी मागे. सनाया मागे पडल्यावर ते समोर बघतच म्हणाले, "मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढलाय."

"मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. डायबेटिस असलेल्याला लवकर होतो," एमिलिया म्हणाली. "तुला सगळं पिवळ्या काचेतून दिसतंय. म्हणून तर संध्याकाळची मगरीबची बांग झाली की हल्ली तू गाडी बाहेर काढत नाहीस. मी समजत होते, म्हातारा आळशी झाला."

"कुणाला सांगू नका, सावंतबाई," ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "सर्व्हेअरचे डोळे गेले की सर्व्हेअर गेला. व्हिसा कंपनीचा, घर कंपनीचं. पोरीचं शिक्षण अर्ध्यात आहे."

"ऑपरेशन होतं याचं," मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडिलांची फुलांची बाग होती. पहाटे मोगरा तोडायचे, बोटांनी चाचपून कळी आणि फूल ओळखायचे. म्हातारपणी डोळ्यांत मोतीबिंदू झाला, गावाजवळच्या एका शिबिरात ऑपरेशन केलं आणि त्यात जे दिसत होतं तेही गेलं. पुढची सगळी वर्षं ते ओट्यावर बसून आल्यागेल्याला विचारत, आज फूल कसं आलंय? साहेब हे सांगत होते आणि एमिलिया हळूहळू, अतिशय नीट गाडी चालवत होती.

अल मुंतझाच्या सिग्नलला ती थांबली तेव्हा म्हणाली, "तुझ्या बापाचं ऑपरेशन शाळेच्या वर्गात बाकावर झालं होतं. इथे थिएटर आहे, आणि मी बाजूला उभी असेन. शनिवारी ऑफिस उघडलं की मॅनेजरला जाऊन सांग. लपवून ठेवलंस आणि एखाद्या केसमध्ये चूक झाली, तर नोकरीही जाईल आणि नावही."

साहेबांनी दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत बिस्किटाचा पुडा ड्रॉवरमधून बाहेर आला नाही. मग सोमवारी सकाळी ते टाय बांधून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. आमचे मॅनेजर सुदानी होते, धिप्पाड आणि हळू बोलणारे. दार उघडंच होतं. साहेबांनी सगळं सांगितलं, अगदी पांढऱ्या रंगाच्या नमुन्यासकट, आणि शेवटी म्हणाले, कंपनीला वाटलं तर मी राजीनामा देतो.

मॅनेजरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "माझ्या आईचे दोन्ही डोळे झाले," ते म्हणाले. "आता ती माझ्या बायकोच्या स्वयंपाकात केस शोधते. मिस्टर डाबरे, रजा घ्या. परत आलात की आणखी बारीक बघाल, इन्शाल्ला. मला तसाच सर्व्हेअर हवा आहे."

साहेब बाहेर आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले. "सावंतबाई," म्हणाले, "माझी आपणांस विनंती आहे, चहा सांगा. साखर घालून."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी डबा घेऊन गेले होते. पट्टी निघाली, डॉक्टरांनी तपासलं, ते गेले. साहेब पलंगावर बसून एमिलियाकडे बघत होते. ती ड्यूटीच्या युनिफॉर्ममध्ये पायाशी उभी होती.

"हा असा असतो होय पांढरा," ते म्हणाले.

मग खिडकीकडे वळले. "तो पडदा निळा आहे? मला वाटलं हिरवा." मग माझ्या डब्याचं झाकण, मग नळावरची लाल-निळी पट्टी, मग बाहेरचं आभाळ. त्यांनी काही वेळ आभाळाकडे बघितलं आणि चेहरा भिंतीकडे वळवला. एमिलियाने मला बाहेर काढलं.

डोळ्यात धूळ जायला नको म्हणून सनायाला जायची बंदी होती. म्हणून बशीरभाईच एका शुक्रवारी नमाजनंतर धुतलेला पठाणी सूट घालून अल मुंतझाला आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो पत्र्याचा तुकडा. आम्ही सगळे गच्चीवर गेलो. त्यांनी कागद सोडला आणि तुकडा कठड्यावर उभा केला. मागे डिसेंबरचं ऊन.

साहेबांनी बघितलं. "बशीरभाई, यह क्या लाए? मेरा सफेद कहाँ है?"

"साहब, यही है आपका सफेद."

साहेबांनी उजवा डोळा तळहाताने झाकला. अजून ऑपरेशन न झालेल्या डाव्या डोळ्याने बघितलं. "हां, पांढरा." मग डावा झाकला. "निळा." परत उजवा. परत डावा. गच्चीवर ते असे उभे होते आणि तोंडाने म्हणत होते, पांढरा, निळा, पांढरा, निळा. मग त्यांना हसू फुटलं. ते इतके हसले की एमिलिया दटावू लागली, टाके आहेत, हसू नको. बशीरभाई पहिल्यांदा गोंधळले, मग तेही हसायला लागले. म्हणाले, "साहब, मैं तो डर रहा था कि आप मज़ाक कर रहे हैं और मैं समझा नहीं."

हसणं ओसरल्यावर एमिलिया म्हणाली, "मग आता काय? खरा पांढरा करायचा?"

साहेबांनी खुर्ची मागवली आणि ते तुकड्यासमोर बसले. आम्ही चहा केला, बशीरभाईंनी सियालकोटच्या थंडीच्या गोष्टी सांगितल्या, साहेब बघत होते. तुकडा सावलीत नेला, टाकीला टेकवला, परत उन्हात आणला. ऊन कलायला लागलं तसा तो रंग बदलू लागला. दुपारी नुसता फिकट निळा होता. आता त्यात कडेने रुपेरी काहीतरी आलं. असा रंग मी साडीत बघितला नव्हता, भिंतीला बघितला नव्हता. पांढऱ्याला इतक्या हळूहळू, थेंबाथेंबाने नीळ चढवत कुणी तिथवर गेलंच नसेल. कुणी कशाला जाईल?

"मी हा मागितलाच नव्हता," साहेब शेवटी म्हणाले. "पण हाच."

बशीरभाईंच्या चेहऱ्यावर काळजी आली. अंदाजाने थेंब घातले होते; परत तसाच जमेल का? डब्यात थोडा शिल्लक होता, त्यावरून मिळवीन म्हणाले. मिळवला त्यांनी. पण त्याला महिना गेला, आणि प्रत्येक वेळी साहेब एक डोळा झाकून आपल्या नव्या डोळ्याने तपासायचे. "आता खोटं बोलता येणार नाही तुम्हाला," असं त्यांना सांगायचे.

सीटचं काम मग फार सोपं गेलं. कातडीवाल्याने काळा, लाल, राखी आणि कितीतरी तुकडे त्या निळ्या पत्र्यावर मांडले. काळा तिथे भोकासारखा दिसला. लाल दिसला झेंड्यासारखा. साहेबांनी एकेक उचलून बाजूला ठेवला आणि मग बायकोकडे हात केला. एमिलियाने पर्स उघडली. चिकूचा गर त्या निळ्यावर ठेवला आणि दोन्ही रंग एकदम जिवंत झाले. निळा जास्त थंड, चिकू जास्त ऊबदार. दुकानदारसुद्धा "माशाल्ला" म्हणाला.

"मातकट म्हणालो होतो मी याला?" साहेबांनी विचारलं.

"म्हणाला होतास," एमिलिया म्हणाली. त्यापलीकडे ती काही बोलली नाही, आणि मला वाटतं तेच साहेबांना जास्त लागलं. खाली अंथरायच्या कार्पेटसाठी आणि कापडी टपासाठी गडद निळा ठरला. त्याचा रंग जुळवायला साहेबांनी तिचं हॉस्पिटलचं स्वेटर नेलं. सीटच्या शिवणीवरचा बारीक गोटही त्याच निळ्याचा.

दोहात तेव्हा जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्यातला एक म्हातारा इंग्रज इंजिनियर साहेबांना सुटे भाग मिळवून द्यायचा. तो गाडी बघायला आला. भोवती फिरला, वाकला, खूश झाला, आणि मग मान हलवली. कारखान्याने हा रंग कधी काढलाच नव्हता. मंडळाच्या मेळाव्यात गाडी ठेवाल तर मूळ रंगाचे गुण जातील, अजूनही पांढरा करा, वेळ आहे.

साहेब त्याला इंग्रजीत म्हणाले, "सर, कारखाना तिकडे इंग्लंडात आहे. ऊन इथे आहे." आणि विषय संपला. पण तो गेल्यावर ते बराच वेळ मडगार्डवर हात ठेवून उभे होते. वर्षभराची मेहनत होती. पहिल्यांदाच माणसांनी बघावं असं काहीतरी त्यांनी केलं होतं.

मेळावा फेब्रुवारीच्या अखेरीस, कॉर्निश या समुद्रालगतच्या रस्त्याजवळ, मोकळ्या मैदानात. तोपर्यंत साहेबांचा डावा डोळाही झाला होता. आम्ही सगळे गेलो. बशीरभाई त्यांच्या पठाणी सूटमध्ये, एमिलिया पिवळ्या साडीत, मी, माझे मिस्टर. गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. लाल, लाल, काळी, लाल, हिरवी, परत लाल. त्यात ही. सकाळी ती शांत दिसत होती. परीक्षक आले, एकाच्या हातात जुना कॅटलॉग होता. त्याने रंगाचा नंबर विचारला.

"नंबर नाही, सर," साहेब म्हणाले. "या गृहस्थांच्या डब्यातला आहे." आणि बशीरभाईंचा हात धरून त्यांना पुढे ओढलं. बशीरभाईंनी छातीवर हात ठेवून मान लववली. परीक्षकाने काहीतरी लिहिलं आणि पुढे गेला. इंग्रज म्हातारा लांबून आमच्याकडे बघून खांदे उडवत होता.

पण चारच्या सुमाराला ऊन कललं आणि शहराच्या बाजूने तिरपं आलं. गाडीवर ती रुपेरी कड उमटायला लागली. एक कतारी कुटुंब थांबलं, मग दुसरं. मुलं आत वाकून चिकूच्या सीटवर हात फिरवत होती. लाल गाड्यांसमोरची माणसं एकेक करून आमच्याकडे सरकली. काळ्या अबायातली एक म्हातारी बाई आपल्या नातवाला अरबीत काहीतरी म्हणाली. नातवाने हिंदीत सांगितलं, "दादी बोलती है, अल वक्रा में सुबह समुंदर का रंग ऐसा होता था, जब उसके अब्बा की नाव जाती थी." साहेबांनी त्या बाईंना वाकून "शुक्रन" म्हटलं.

मूळ रूप राखल्याचं बक्षीस एका काळ्या गाडीला गेलं, आणि ते बरोबरच होतं. मग लोकांच्या मतांचं बक्षीस पुकारलं. आधी गाडीचं नाव, मग "लॉरेन्स डाबरे." आमच्या बाजूने जी आरोळी उठली ती माझ्या मिस्टरांची होती, एरवी ते देवळातसुद्धा आरती पुटपुटतात. साहेब स्टेजवर गेले, चषक घेतला, खाली आले आणि तो बशीरभाईंच्या हातात दिला. बशीरभाईंनी तो एमिलियाकडे दिला. एमिलियाने त्यात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "तीन जणांना पुरेल एवढा चहा मावेल यात."

मग साहेब आणि एमिलिया त्या गाडीतून दोहाशेजारच्या अल वक्र्याकडे निघाली. टप उघडा. आम्ही आमच्या गाडीतून मागोमाग. किनाऱ्याला गाडी थांबवून साहेब उतरले आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. दोन लाकडी नावा होत्या, वाळूवर पसरलेली जाळी होती, पाणी ओहोटीचं. साहेब बोटाने दाखवत होते, "ती निळी. ती हिरवी, पण जुनी हिरवी. ते जाळं नारिंगी. पाणी इथे पांढुरकं, तिथे मोरपंखी, त्याच्या पलीकडे..." त्यांना शब्द सापडेना. एमिलिया त्यांच्या शेजारी उभी होती. "जांभळं," ती म्हणाली. "हां, जांभळं," ते म्हणाले.

पुढे बरीच वर्षं साहेबांनी नोकरी केली, आणि मॅनेजर म्हणाले होते तसंच झालं. त्यांच्या नजरेतून रंगाखाली दडवलेला जोड कधी सुटला नाही. निवृत्तीची वेळ आली तेव्हा गाडी भारतात नेणं कायद्यात बसेना. दोहातल्याच एका कतारी डॉक्टरांनी ती घेतली. मेळाव्यात त्यांनी तिला मत दिलं होतं, असं ते म्हणाले. रंग बदलणार नाही, हे त्यांनी न विचारताच सांगितलं.

डॉक्टर गाडी न्यायला आले तेव्हा मी खाली आले होते. मला वाटलं साहेबांना जड जाईल. त्यांनी किल्ली दिली, चोक कसा ओढायचा ते दाखवलं, बॉनेटवरून एकदा हात फिरवला. गाडी गल्लीतून निघाली, मोठ्या रस्त्याला लागली आणि दुपारच्या ट्रॅफिकमध्ये मिसळली. साहेब फुटपाथच्या कडेला, चष्म्याशिवाय, मान उंच करून बघत होते. मला ती कधीच दिसेनाशी झाली होती. बऱ्याच वेळाने ते वळले. चेहरा प्रसन्न होता.

"सिग्नलच्या पलीकडे गेली," ते म्हणाले, "तरी दिसत होती मला."